चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात ते काही कौतुकाने नव्हे. ज्याची ट्रंक कधी एका पलंगाखाली स्थिर झाली नाही, अशा बदलीच्या नोकरीवाल्याला किंवा दर दोन वर्षांनी खोल्या बदलणाऱ्या संसारी माणसाला उद्देशून ही म्हण वापरायची. आपल्या मध्यमवर्गाची सारी धडपड हे बिऱ्हाड पाठीवरून एकदाचे खाली उतरवण्यासाठी चाललेली असते. कर्ज काढायचे, वीस वर्षे हप्ते भरायचे, आणि निवृत्तीच्या सुमारास दारावर नावाची पाटी ठोकून "चला, आता इथून थेट वैकुंठात" असे म्हणत बसायचे, हा आपला शिरस्ता. वैकुंठ म्हणजे पुण्यातलेच बरे का. फार लांब जायची आपल्याला हौस नाही.

अशा संस्कारांत वाढलेला माणूस जेव्हा सत्तरी ओलांडलेल्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांना आपण होऊन विंचू झालेले पाहतो, तेव्हा त्याची मती थोडी गुंगच होते. जानेवारी २०२५ मध्ये मी आणि आमची सौभाग्यवती अशा शेकडो माणसांच्या वस्तीत पंधरा दिवस राहून आलो. ही वस्ती अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराच्या दक्षिणेला, किसिमी या गावाजवळ आहे. जगभरची मुले ज्या नगरीची स्वप्ने पाहतात, ते डिस्ने वर्ल्ड तेथून मोटारीने अर्ध्या तासावर. मुलांच्या त्या पंढरीच्या वेशीवर म्हाताऱ्यांनी पाल ठोकलेले पाहून प्रथम मोठी गंमत वाटते. चार दिवसांनी त्यातले मर्म हळूहळू ध्यानात येऊ लागते.

आमंत्रण होते आमच्या इंजिनिअरसाहेबांचे. हे माझे कॉलेजातले मित्र. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून इंजिनिअरसाहेबच म्हणतो. १९७४ साली ते अमेरिकेला गेले आणि मिशिगन राज्यात मोटारींच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे काढली. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी लंडनला. तळघरासकट दुमजली घर, पुढे हिरवळ, मागे मेपलची झाडे. कशाला म्हणून कमी नाही. आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला आलो आहोत असे कळताच त्यांचा फोन आला.

"लेका, तिथल्या थंडीत काय काकडत बसला आहेस? इकडे ये, मिकी माउस दाखवतो."

"इकडे म्हणजे? मिशिगनला तर याहून थंडी!"

"मी फ्लोरिडात आहे. घर घेऊन आलोय."

'घर घेतलंय' आणि 'घर घेऊन आलोय' यांत केवढा फरक आहे, त्याचा उलगडा विमानतळावरून त्यांच्या मुक्कामी पोचल्यावर झाला. आपल्या एस.टी.च्या गाडीएवढे, चौतीस फूट लांबीचे एक पांढरे धूड झाडाखाली उभे होते आणि त्याच्या दारात वहिनी पोह्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या.

या वाहनाला तिकडे आर.व्ही. म्हणतात. रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे मौजेचे वाहन. ड्रायव्हरची खुर्ची गर्रकन मागे फिरवली की ती दिवाणखान्यातली आरामखुर्ची होते. एक बटन दाबले की घरघर आवाज करीत अख्खी भिंत सोफ्यासकट दोन-अडीच फूट बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, मागच्या बाजूला शयनगृह. वहिनींचा देव्हारा मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीत. गाडी चालू असली की देव मऊ टॉवेलात गुंडाळून खणात ठेवायचे आणि मुक्कामाला पोचल्यावर त्यांची पुन्हा स्थापना करायची. "आमचे देवही आता स्नोबर्ड झालेत," असे वहिनी म्हणाल्या. गाईमागे वासरू चालावे तशी या धुडाच्या मागे एक छोटी मोटार जोडलेली असते. बाजारहाट त्या वासरावर. कारण मोठी गाडी लिटरभर पेट्रोलमध्ये जेमतेम तीन किलोमीटर जाते. हे एवढे जहाज हाकायला बहुतेक राज्यांत साधा मोटारीचा परवाना पुरतो, हे ऐकून रस्त्यावरच्या इतर लोकांविषयी मला काळजी वाटली.

आमची झोपायची सोय पुढच्या सोफ्यावर होती. रात्री सोफा उलगडला की दिवाणखान्याचे शयनगृह होई, आणि पहाटे साडेपाचला इंजिनिअरसाहेब चहाला उठले की त्याच शयनगृहाचे स्वयंपाकघर होई. मुंबईच्या एका खोलीत सातजणांचा संसार पाहिलेल्या आम्हां उभयतांना त्याचे काही वाटले नाही. उलट वहिनीच म्हणाल्या, "मिशिगनच्या घरात मी खालून हाक मारली तर यांना वर ऐकू येत नाही. इथं नुसता सुस्कारा टाकला तरी 'काय झालं' म्हणून विचारतात."

स्नोबर्ड म्हणजे हिमपक्षी. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क, शिवाय कॅनडातला ऑन्टारिओ प्रांत, असा उत्तरेचा सारा मुलूख हिवाळ्यात बर्फाखाली जातो. तेव्हा तिथली निवृत्त माणसे पक्ष्यांसारखी दक्षिणेला उतरतात आणि एप्रिलमध्ये परततात. जानेवारीत ऑर्लँडोला दुपारचा पारा बावीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे उन्हात बसून शेंगा खाव्यात अशी हवा. मिशिगनहून इंटरस्टेट ७५ या महामार्गाने यायचे तर सुमारे बाराशे मैल पडतात. निघताना गाडीच्या नळांत पाणी ठेवायचे नाही; ते गोठले तर नळ फुटतात. म्हणून त्यांत एक गुलाबी औषधी द्रव भरतात आणि दक्षिणेत, गोठण्याचा धोका संपला की, तो काढून नळ धुऊन घेतात. हा प्रघात काही आजचा नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हाच, १९१९ साली, असल्या फिरस्त्यांनी फ्लोरिडातल्या टँपा शहरी आपला संघ काढला होता. डबाबंद अन्नावर दिवस काढणारे म्हणून त्यांचे नाव 'टिन कॅन टूरिस्ट'. मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा डकवायचा, ही त्यांची खूण. रस्त्यात तसा डबा दिसला की भाऊबंद भेटला म्हणून समजायचे.

वस्तीची रचना सांगितली पाहिजे. दुतर्फा आखलेले तुकडे, प्रत्येकावर सिमेंटचा ओटा, आणि ओट्याशेजारी एका खांबावर पाण्याचा नळ व विजेची जोडणी. जमिनीत एक झाकण. त्याची कथा पुढे येईल. दोन बिऱ्हाडांमध्ये अंतर दहा-बारा पावलांचे. दारापुढे छत ओढलेले, त्याखाली चार खुर्च्या, आणि एका लाकडी पाटीवर नवराबायकोचे नाव व गाव. मधोमध एक सभागृह. तेथे कोणी बिंगो खेळतात, कोणी गोधड्या शिवतात, कोणी लांब काठीने चकत्या ढकलण्याचा शफलबोर्ड खेळतात. शनिवारी अंगतपंगत, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. वहिनींची साबुदाण्याची खिचडी तिथे इतकी लोकप्रिय झाली होती की एक कॅनेडियन आजोबा "ते मोत्यांचं आज नाही का?" असे विचारीत आले.

आता त्या झाकणाविषयी. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी जाते ती करडी टाकी, आणि संडासाची ती काळी टाकी. दर चार-पाच दिवसांनी जाड नळी जोडून त्या जमिनीतल्या झाकणात रिकाम्या कराव्या लागतात. त्याचेही शास्त्र आहे. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हे काम करायला कोणी नोकर नसतो. मंगळवारी सकाळी हातमोजे घातलेले आमचे इंजिनिअरसाहेब, त्यांच्या पलीकडे एक निवृत्त शाळामास्तर आणि समोर एक माजी कारखानदार, असे तिघेही ओणवे होऊन एकाच कामाला लागलेले मी पाहिले. मध्येच ते एकमेकांना हवापाण्याचे विचारीत होते. आमच्या देशात या एका कामासाठी माणसांच्या पिढ्यान् पिढ्या जुंपल्या गेल्या आणि पुन्हा त्यांनाच दूर उभे केले गेले. येथे ज्याचे त्याने उरकले, हात धुतले आणि कॉफीचा पेला उचलला. मी शेजारी उभा राहून पाहतो आहे हे लक्षात येताच इंजिनिअरसाहेबांनी हातमोज्यांचा दुसरा जोड माझ्याकडे फेकला. पुढच्या शनिवारचे काम मी केले. त्यात विशेष काही नाही, एवढे मात्र कळले.

पण सुखाचे घर सोडून हा उपद्व्याप मांडला कशासाठी? एका दुपारी इंजिनिअरसाहेब शफलबोर्ड खेळायला गेले असता वहिनींनी सांगितले.

"दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हे दुकानात गेले होते. मी पत्रं काढायला पेटीपर्यंत गेले आणि बर्फावरून पाय घसरला. उठता येईना. हाका मारल्या. दोन्ही बाजूंना घरं, घरांत माणसं. पण खिडक्यांना दुहेरी काचा, आत हीटरची घरघर. ऐकणार कोण? अर्ध्या तासानं टपालवाला आला, त्यानं उचललं. हाड मोडलं नव्हतं हो. पण मी रात्रभर विचार करीत होते, पन्नास वर्षं या गावात काढली, आणि हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही!"

पुढच्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली.

आता मिकी माउसकडे वळू. आपल्याकडे सगळ्यालाच डिस्नेलँड म्हणतात. पण डिस्नेलँड ते कॅलिफोर्नियातले, १९५५ सालचे. फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. त्याचा विस्तार पंचवीस हजार एकरांहून अधिक, म्हणजे सुमारे शंभर चौरस किलोमीटर. ही दलदलीची आणि झुडपांची जमीन वॉल्ट डिस्नेने भलत्याच नावांच्या कंपन्या काढून गुपचूप विकत घेतली. खरे नाव कळले असते तर भाव गगनाला भिडले असते. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राने गुपित फोडले. पण पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, वॉल्ट वारला. तेव्हा थोरला भाऊ रॉय याने आपली निवृत्ती पुढे ढकलली, धाकट्याचे नाव त्या नगरीला दिले आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचे दार उघडले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तोही गेला. मुलांच्या या नगरीचा कळस असा एका म्हाताऱ्याने चढवलेला आहे.

उघडले तेव्हा आत शिरायला मोठ्या माणसाला साडेतीन डॉलर पडत, खेळांची तिकिटे वेगळी. आता गर्दीच्या दिवसांत एका दिवसाला दीडशे डॉलरांच्या वर मोजावे लागतात. त्याचे रुपये करून सौभाग्यवतीने तिथल्या तिथे मला खुर्चीवर बसायला सांगितले. पण व्यवस्था पाहून थक्क व्हावे. आपण ज्या रस्त्यावरून चालतो तो खरे तर दुसरा मजला. तळी खणून निघालेल्या मातीने जमीन उंच केली आहे, आणि खाली नोकरमाणसांसाठी बोगदे आहेत. कचरासुद्धा नळ्यांतून खेचून नेतात. राजपुत्राच्या पोशाखातला मनुष्य भलत्या मुलखात दिसू नये, मुलाचा भ्रम मोडू नये, यासाठी हा सारा खटाटोप. भ्रम सांभाळायला केवढे इंजिनिअरिंग लागते ते इंजिनिअरसाहेब मला भक्तिभावाने समजावून सांगत होते.

मला सर्वांत भावला तो एक जुना खेळ. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' त्याचे नाव. १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो रचला आणि १९७५ मध्ये येथे आणून बसवला. रंगमंच जागच्या जागी असतो, प्रेक्षकांच्या खुर्च्याच त्याच्याभोवती फिरतात. प्रत्येक थांब्यावर तेच एक कुटुंब. आधी विसावे शतक नुकतेच उजाडले तेव्हाचे, मग १९२० चे दशक, मग १९४० चे, आणि शेवटी अलीकडचे. बोलणारे-हलणारे पुतळे आहेत सगळे. पंपाच्या जागी नळ येतो, गॅसच्या दिव्यांच्या जागी वीज. शेवटच्या प्रवेशात नाताळचा सण आहे, आणि आजी-आजोबा मुला-नातवंडांत बसलेले आहेत. अंधारात मी शेजारी पाहिले. वहिनींची नजर त्या आजीवरून हलत नव्हती. यंत्रे बदलली तरी घर भरलेले राहील, असे १९६४ सालच्या माणसांनी गृहीत धरले होते. यंत्रे त्यांच्या कल्पनेहून सुधारली. पण मुलगा कॅलिफोर्नियाला आणि मुलगी लंडनला जाईल, हे त्या नाटकात कोणी लिहिले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही वस्तीतल्याच एका जोडप्याला भेटायला फोर्ट वाइल्डरनेसला गेलो. हे डिस्नेचे स्वतःचे गाडीतळाचे रान. सुमारे साडेसातशे एकरांचे, १९७१ च्याच नोव्हेंबरात उघडलेले. नातवंडे आठवड्यासाठी आली म्हणून त्यांनी गाडी तेथे नेऊन लावली होती. उंच पाइनची झाडे, फांद्यांवरून लोंबणारे राखी शेवाळ, आणि रस्त्यावर दिव्यांच्या माळा लावलेल्या छोट्या विजेच्या गाड्या. शेकोटीभोवती मुले काठीला मार्शमॅलोच्या गोळ्या टोचून भाजीत होती. आठ-नऊ वाजता तळ्याच्या काठी जाऊन उभे राहिलो, तो पलीकडच्या नगरीतली आतषबाजी आभाळात उमलू लागली. तिकीट नाही, गर्दी नाही. लहानगी नात आजोबांच्या खांद्यावर बसून दर बाणाला टाळ्या वाजवीत होती. आजोबा मात्र आभाळाकडे पाहत नव्हते. तिच्या चेहऱ्यावर पडणारा उजेड पाहत होते. आठवड्याने ती परत जायची होती.

१४ जानेवारीला संक्रांत आली. ऑर्लँडोच्या भारतीय दुकानातून तीळ आणि गूळ आणून वहिनींनी दोन दिवस लाडू वळले होते. संध्याकाळी छताखाली वीस-पंचवीस बायका जमल्या. ओहायोच्या एक आजीबाई शेजारच्या गाडीत राहत. वय अठ्ठ्याहत्तर, आदल्या हिवाळ्यात याच वस्तीत त्यांचे यजमान वारलेले. वहिनी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन एकेकीपुढे जात होत्या. त्या आजीबाईंपाशी आल्या तेव्हा आमच्या सौभाग्यवतीचा हात क्षणभर ताटावर थबकलेला मी पाहिला. वहिनी थांबल्या नाहीत. त्यांनी कुंकू लावले, हातात लाडू ठेवला आणि सांगितले, "याचा अर्थ, गोड घ्या आणि गोड बोला."

आजीबाई म्हणाल्या, "आणि गोड बोलण्यासारखं काही नसलं तर?"

"तर नुसतं बोला," वहिनी म्हणाल्या.

संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो हे ऐकून त्या साऱ्याजणी खूश झाल्या. त्यांचेही डोळे उत्तरेकडेच लागलेले होते ना!

ही सारी मौजच आहे असे मात्र कोणी समजू नये. किसिमीवरून महामार्ग १९२ जातो. त्याच्या कडेच्या जुन्या मोटेलांत आठवड्याच्या भाड्याने अख्खी कुटुंबे राहतात; घराच्या भाड्याची अनामत त्यांच्यापाशी साठत नाही. 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' हा २०१७ सालचा चित्रपट याच मुलखावर आहे. डिस्नेच्या मूळ योजनेलाही हेच नाव होते. आमच्या वस्तीच्या मागच्या रांगेतही काही लहान, रंग उडालेली बिऱ्हाडे होती. त्यांतली माणसे पहाटे कामाला जात आणि रात्री दमून परतत. त्यांच्या दारात नावाची पाटी नव्हती की खुर्ची नव्हती. हौसेने विंचू होणे वेगळे आणि पाठीवरचे उतरवायला जागाच नसणे वेगळे. शनिवारच्या पंगतीतले एक ताट झाकून ओहायोच्या आजीबाई मागच्या रांगेत नेऊन देत. कोणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही, आणि कोणी विचारले नाही.

२१ जानेवारीला फ्लोरिडाच्या वायव्य टोकाला, पेन्साकोलाकडे, विक्रमी बर्फ पडले. ज्याला चुकवून आले ते पाठोपाठ राज्याच्या दारात! आमच्याकडे नुसता गारठा होता. पण रात्री पारा खूप उतरेल असा अंदाज आला. बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवली नाही तर ती गोठते. दहाच्या सुमारास दारावर थाप पडली. हातात विजेरी घेऊन ओहायोच्या आजीबाई प्रत्येक दारी सांगत फिरत होत्या, "नळी काढा, नळी काढा!" इंजिनिअरसाहेब स्वेटर चढवून त्यांच्याबरोबर गेले, मी दुसऱ्या रांगेत गेलो. अर्ध्या तासात सारी वस्ती जागी झाली आणि पुन्हा झोपली. आमच्या लहानपणी चाळीत पाणी आल्याची वर्दी अशीच दारोदार जायची.

मी आणि सौभाग्यवती मनाशी एक बेत घेऊन गेलो होतो. या दोघांना पुण्याला परत आणायचे. शेवटच्या आठवड्यात मी विषय काढला. इंजिनिअरसाहेबांनी अडचणी मांडल्या. पासष्टी उलटलेल्यांना अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी विमा मिळतो. तो देशाबाहेरच्या उपचारांना सहसा पैसे देत नाही. त्यांच्या हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेली. शिवाय त्यांचे खरे मन गाडीत. मिशिगनचे घर विकून बाराही महिने चाकांवर राहावे, असे त्यांना वाटू लागले होते.

वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्हांला वाटेत काही झालं तर हे जहाज हाकायचं कोणी?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आले. ओहायोच्या आजीबाई यजमान गेल्यावर आपली गाडी एकट्याने घेऊन आल्या होत्या. त्यांनी वहिनींना सभागृहामागच्या मोकळ्या मैदानावर नेले आणि चौतीस फुटांच्या गाडीच्या चाकामागे बसवले. वय एकाहत्तर, नेसूला सलवार-कमीज, आणि कपाळावर घाम! इंजिनिअरसाहेब बाहेर उभे राहून हातवारे करीत होते. आजीबाईंनी त्यांना कॉफी आणायला पिटाळले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मैदानाला दोन फेऱ्या घातल्या आणि गाडी ओट्यावर मागे घेऊन सरळ लावली. शेजारच्या छतांखालून टाळ्या पडल्या.

त्या रात्री मी म्हणालो, "वहिनी, म्हणजे पुणे रद्द?"

"मी तसं कुठं म्हटलं? मला एवढंच सांगा, तुमच्या मजल्यावर समोर कोण राहतं?"

आमची सौभाग्यवती म्हणाली, "पूर्वी देसायांचं कुटुंब होतं. आता भाडेकरू असतात. बदलत असतात."

"मग मिशिगनमध्ये आणि त्यात फरक काय?" वहिनी म्हणाल्या. त्या रागाने बोलत नव्हत्या. चौकशी करीत होत्या. माणूस म्हातारा झाला की त्याला किती खोल्या लागतात, हा हिशेब आपण फार काळजीपूर्वक करतो. हाक कुठवर पोचते, हे मात्र कोणी मोजून पाहत नाही. त्या चाकांवरच्या वस्तीत माणसे तीन-चार महिन्यांची पाहुणी असतात, परक्या प्रांतांतली असतात, एकमेकांची मुलेबाळे त्यांनी पाहिलेली नसतात. पण रात्री थाप पडली तर दार उघडते. घर जमिनीत रुतलेले आहे की चाकांवर उभे आहे, यापेक्षा ही गोष्ट मोठी, असे वहिनींनी बर्फात पडल्यापडल्या ठरवले होते.

एप्रिलमध्ये ते उत्तरेला परतले. जॉर्जिया राज्य ओलांडेपर्यंत गाडी वहिनींनी चालवली, असे पत्र आले. घराचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला आहे. पण एक हिवाळा पुण्यात काढून पाहायचे ठरले असून त्यांच्यासाठी तीन महिन्यांची भाड्याची जागा शोधायचे काम माझ्याकडे आले आहे. लिफ्ट नसली तरी चालेल, खोल्या लहान असल्या तरी चालतील; अट एकच. खिडकीतून हाक मारली तर कोणीतरी ओ दिली पाहिजे.

जागा दाखवणारे एजंट मोठे तत्पर आहेत. ते मला पार्किंग दाखवतात, व्यायामशाळा दाखवतात, पोहण्याचा तलाव दाखवतात. शेवटी विचारतात, "आणखी काही अपेक्षा?" मी वहिनींची अट सांगतो. ते मान डोलावतात आणि वहीत काहीतरी टिपून घेतात. तशी जागा मात्र अजून कोणी दाखवलेली नाही.

वाचकांपैकी कोणाच्या शेजारी अशी जागा रिकामी असेल, तर जरूर कळवावे. माणसे चांगली आहेत. संक्रांतीला लाडू देतील, आपली टाकी आपण साफ करतील, आणि रात्री कितीही वाजता हाक मारली तरी ओ देतील.